अजिंठ्यातली प्राण्यांच्या जातककथांची चित्रं: नेमकी कुठे आहेत, ओळखायची कशी?

प्रश्न: चित्रकला_शिक्षिका

नमस्कार. सातवी-आठवीची मुलं घेऊन अजिंठ्याला जायचं आहे. पद्मपाणी, वज्रपाणी ही प्रसिद्ध चित्रं सगळेच दाखवतात. मला मुलांना दाखवायच्या आहेत त्या हत्ती, वानर, हरिण, हंस, रेडा यांच्या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी. अडचण अशी की आत अंधार असतो, भिंत माणसांनी आणि झाडांनी गच्च भरलेली असते आणि गोष्ट कुठे सुरू होते, कुठे संपते ते कळत नाही. पुस्तकात गोष्ट वाचून गेलं तरी भिंतीवर ती सापडत नाही.

तीन गोष्टी हव्या आहेत. एक, कोणत्या लेण्यात कोणती प्राणीकथा आहे. दोन, चित्र ओळखण्याच्या खुणा. तीन, परत आल्यावर मुलांकडून एखादा प्रसंग जुन्या पद्धतीने, म्हणजे मातीच्या गिलाव्यावर नैसर्गिक रंगांनी, करून घ्यायचा आहे. शाळेची भिंत सिमेंटची आहे. फ्रेस्को करायचं म्हणजे ओल्या चुन्यावर रंगवायचं ना?

---

उत्तर १: लेणी_वाचक

वेळ कमी असेल तर बाकी सगळं मागे ठेवा आणि मुलांना आधी १७ क्रमांकाच्या लेण्यात न्या. प्राण्यांच्या इतक्या जातककथा अजिंठ्यात दुसऱ्या कुठल्याही लेण्यात नाहीत. षड्दंत (सहा सुळ्यांचा) हत्ती, महाकपी (दोन वेगळ्या कथा), हस्ती, हंस, शरभ मृग, मत्स्य, मातृपोषक हत्ती, महिष, रुरू मृग, न्यग्रोध मृग या सगळ्या या एकाच विहारात (भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यात) आहेत. शिवाय विश्वंतर, सुतसोम, श्याम, शिबी या माणसांच्या कथा आणि सिंहलाची प्रचंड मोठी कथा आहे. हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्याच्या एका मांडलिकाने ते खोदवल्याचा शिलालेख व्हरांड्यात आहे.

दिशा ठरवून घ्या. दारातून आत गेलात की डावीकडे वळा आणि भिंत उजव्या हाताला नव्हे, डाव्या हाताला ठेवून घड्याळाच्या काट्याप्रमाणे चाला. षड्दंत, वानरराजाचा महाकपी आणि हस्ती या कथा सुरुवातीच्या टप्प्यात, मग हंस आणि डाव्या भिंतीवरचा लांबलचक विश्वंतर. मागच्या भिंतीच्या डाव्या भागात सुतसोम. निजलेल्या राजाजवळ आलेली सिंहीण दिसली की तो सापडलाच. मागच्या भिंतीच्या उजव्या बाजूला शरभ, मत्स्य, मातृपोषक, श्याम आणि महिष. उजवी भिंत जवळजवळ सगळी सिंहल-कथेने व्यापलेली आहे. दाराकडे परत येताना शिबी, रुरू आणि न्यग्रोध.

आता मुद्द्याचं. गोष्ट सापडत नाही याचं कारण अंधार नाही. कारण हे की तुम्ही ती डावीकडून उजवीकडे, आधी हे मग ते, अशी शोधता. अजिंठ्याचा चित्रकार प्रसंग काळाप्रमाणे लावत नाही, ठिकाणाप्रमाणे लावतो. जंगलात घडलेलं सगळं जंगलात, राजवाड्यात घडलेलं सगळं राजवाड्यात. मग गोष्टीतला पहिला आणि शेवटचा प्रसंग एकाच मंडपाखाली शेजारी शेजारी येतात आणि मधले प्रसंग चार हात लांब राहतात. चौकटी नाहीत. दोन प्रसंगांच्या मध्ये खडक, झाड, दरवाजा किंवा पाठ फिरवून बसलेली एखादी आकृती असते, तीच सीमा. खडक ओळखायला सोपे आहेत: पेट्या एकावर एक रचाव्यात तसे चौकोनी, लाल, हिरव्या, पिवळ्या बाजूंचे.

म्हणून मुलांना असं काम द्या: आधी नायक शोधा, मग तोच नायक पुन्हा किती वेळा आला आहे ते मोजा. एकच हत्ती पाच ठिकाणी दिसला तर ते पाच हत्ती नाहीत, एका हत्तीचे पाच प्रसंग आहेत. त्यानंतर ठिकाणं ओळखा (तळं, वन, हत्तीशाळा, राजसभा) आणि गोष्टीचा क्रम शेवटी लावा. मातृपोषक कथा यासाठी सर्वांत सोपी. पकडून आणलेला पांढरा हत्ती राजाच्या हत्तीशाळेत चाऱ्याला तोंड लावत नाही, कारण वनात आंधळी आई उपाशी आहे. राजा त्याला सोडतो. शेवटी तळ्यात आई आणि लेक भेटतात. हत्तीशाळा, वाट आणि तळं एवढी तीनच ठिकाणं लक्षात ठेवायची.

एक इशारा. दिसेल तो प्राणी जातकातला नसतो. पहिल्या लेण्याच्या छतावरचा कमळांतून धावणारा हत्ती, ठिकठिकाणच्या हंसांच्या रांगा ही सजावट आहे. चार हरणांना मिळून एकच डोकं असलेलं ते प्रसिद्ध शिल्पही पहिल्या लेण्यातल्या खांबावरची गंमत आहे, जातककथा नाही. मुलांना ते सगळ्यात जास्त आवडतं, जरूर दाखवा.

---

उत्तर २: जातककथा५४७

वरचं उत्तर पटलं. एक भर घालतो: १० क्रमांकाचं लेणं वगळू नका. ते चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनास्थान) आहे, इसवी सनापूर्वीचं, म्हणजे १७ पेक्षा साधारण पाचशे-सहाशे वर्षं जुनं. त्याच्या उजव्या भिंतीवर, खांबांच्या मागे, षड्दंत आणि श्याम जातक आहेत. एकच षड्दंत कथा दोन काळांत कशी रंगवली, हे एका दिवसात दोन भिंतींवर पाहायला मिळतं. दहामधलं चित्र लांब पट्ट्यासारखं आहे, आकृत्या एका रांगेत, रंग मोजके. सतरामध्ये तीच कथा उंच भिंतीवर वर-खाली पसरते. दहामधल्या भिंतीवर गेल्या दोनशे वर्षांतल्या लोकांनी नावं कोरून ठेवली आहेत. त्यांतलं सगळ्यात प्रसिद्ध नाव जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचं, २८ एप्रिल १८१९ चं, खांबावर आहे.

आता ओळखण्याच्या खुणा. मध्य प्रदेशातल्या भारहूत स्तूपाच्या कठड्यावर शिल्पांशेजारी कथेचं नाव ब्राह्मीत कोरलेलं असतं, षड्दंताच्या शिल्पाशेजारीसुद्धा. अजिंठ्यात ती सोय जवळपास नाही, त्यामुळे खुणेवरच भिस्त. गोंधळ हमखास तीन जागी होतो.

पहिला, हत्ती. तीन हत्तीकथा आहेत. षड्दंत ओळखायला सुळे मोजत बसू नका. रंग उडालेल्या भागात ते मोजता येतच नाहीत. शिकारी, सुळे कापण्याचा प्रसंग आणि सुळे पाहून मूर्च्छित पडलेली राणी शोधा. कथा अशी: हत्तीराजाची एक पत्नी सवतीमत्सराने मरते, बनारसची राणी होऊन जन्मते आणि सोनुत्तर नावाच्या शिकाऱ्याला त्याचे सुळे आणायला पाठवते. शिकारी भगव्या वस्त्रात लपलेला असतो म्हणून हत्ती त्याला मारत नाही, उलट सुळे कापायला मदत करतो. सुळे पाहताच राणीचं काळीज फाटतं. दहाव्या लेण्यात राणी कोसळण्याचा प्रसंग आजही वाचता येतो. दुसरी हत्तीकथा मातृपोषक, ती वर आली आहे. तिसरी हस्ती: वाट चुकलेल्या भुकेल्या माणसांना आपलं मांस मिळावं म्हणून हत्ती कड्यावरून उडी घेतो. ही पाली जातकसंग्रहात मिळत नाही, आर्यशूराच्या संस्कृत 'जातकमाले'त आहे. पाली पुस्तक घेऊन भिंतीपुढे उभे राहाल तर ती सापडणार नाही.

दुसरा, वानर. पहिली महाकपी कथा (पाली क्रमांक ४०७) गंगेकाठच्या आंब्याची. खुणा: नदी, धनुष्य ताणलेले शिपाई, झाडावर वानरं. वानरराजा कमरेला वेत बांधून पलीकडच्या झाडावर उडी मारतो, वेत अंगभर कमी पडतो, मग तो स्वतःचं शरीर ताणून पूल पुरा करतो. दुसरी (क्रमांक ५१६) दरीत पडलेल्या माणसाला वर काढणाऱ्या वानराची. दमून झोपल्यावर तोच माणूस त्याच्या डोक्यात दगड घालतो. खूण सोपी: एक वानर आणि एक माणूस, सैन्य नाही, नदी नाही.

तिसरा आणि सगळ्यात चिवट, हरिण. रुरू (४८२) म्हणजे बुडणाऱ्याला वाचवणारा सोनेरी मृग आणि बक्षिसासाठी त्याची जागा राजाला सांगणारा तोच माणूस. शरभ (४८३) म्हणजे खड्ड्यात पडलेला राजा आणि त्याला बाहेर काढणारा मृग, ज्याची राजा शिकार करत होता. न्यग्रोध (१२) म्हणजे गाभण हरिणीच्या पाळीला स्वतःची मान ओंडक्यावर ठेवणारा मृगराजा. थोडक्यात: पाणी दिसलं तर रुरू, खड्डा दिसला तर शरभ, ओंडका किंवा आचारी दिसला तर न्यग्रोध. हे तीन शब्द मुलांच्या वहीत लिहून द्या.

महिष जातकात (२७८) खोडकर माकड रेड्याच्या पाठीवर चढून त्याला छळतं, रेडा सहन करतो. पुढे माकड दुसऱ्याच रेड्याशी तसं वागतं आणि जीव गमावतं. हंस दुसऱ्या लेण्यातही आहे, डाव्या भिंतीवर: फासात सापडलेला हंसराजा आणि त्याला सोडून न जाणारा सेनापती सुमुख. नागांच्या कथा, चांपेय आणि शंखपाल, पहिल्या लेण्यात. तिथे नाग बहुतेक मानवी रूपात आणि डोक्यामागे फणे असे असल्याने मुलं त्यांना राजेच समजतात.

एक फरक आधीच सांगून ठेवा. या पंचतंत्रासारख्या चतुराईच्या गोष्टी नव्हेत. प्राणी हा बोधिसत्त्व, म्हणजे पूर्वजन्मीचा बुद्ध आहे आणि कथा दान, क्षमा, शील अशा एखाद्या पारमितेची, म्हणजे पूर्णत्वाला नेलेल्या गुणाची आहे. रेडा हुशारीने जिंकत नाही, तो सहन करतो. "मग त्याने शिंग का नाही मारलं?" हा प्रश्न वर्गात येतोच, आणि चर्चा तिथूनच सुरू करावी.

---

उत्तर ३: गेरू_काजळी

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो. अजिंठ्याचं काम ओल्या चुन्यावरचं नाही. वाळलेल्या गिलाव्यावर डिंक किंवा सरस (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचा गोंद) अशा चिकट द्रव्यात कालवलेले रंग आहेत. थर असे: छिन्नीने मुद्दाम खरबरीत ठेवलेला बेसाल्ट खडक, त्यावर माती, वाळू, भाताचं तूस, गवताचे आणि इतर वनस्पतींचे तंतू यांचा जाड थर, त्यावर बारीक मातीचा थर, वर अंड्याच्या कवचाइतका पातळ पांढरा लेप. गेरूने रेखाटन, मग सपाट रंग, मग उठाव, शेवटी पुन्हा गडद बाह्यरेषा. रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, या बेसाल्टमध्येच मिळणारी हिरवी माती, काजळी, पांढरी माती, चुना. निळा तेवढा बाहेरचा: लाजवर्द, अफगाणिस्तानच्या बाजूने आलेला, तोही नंतरच्या लेण्यांत. दहाव्या लेण्याच्या जुन्या चित्रांत निळा शोधू नका.

शाळेसाठी थेट भिंतीवर करू नका. गुळगुळीत सिमेंटवर माती धरत नाही, पहिल्या पावसाळ्यात पापुद्रा सुटतो. दोन फूट बाय दोन फुटांची १८-१९ मिमीची प्लायवूड फळी घ्या. तिच्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी किंवा गोणपाट छोट्या खिळ्यांनी ताणून बसवा. पूर्ण झालेलं फलक दहा-बारा किलोचं होतं, टांगायचे हूक त्या हिशेबाने लावा.

पहिला थर, एका फळीला पुरेल एवढा: चाळलेली माती ४ लिटर, नदीची बारीक वाळू २ लिटर, भाताचं तूस १ लिटर, ताजं शेण अर्धा लिटर. शेतातली काळी माती घेऊ नका. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि बोटभर रुंद भेगा पडतात. लालसर किंवा पांढरी माती चालते. पाणी घालून मळा आणि ओल्या गोणपाटाखाली चार-पाच दिवस मुरू द्या, रोज एकदा तुडवा. मुरल्याशिवाय तूस मातीला धरत नाही. जाळीत दाबून १ सेंटिमीटर जाडीचा थर द्या आणि पृष्ठभाग करणीने गुळगुळीत न करता ओरखडे ठेवा. सावलीत वाळवा. उन्हात ठेवलंत तर वरची साय आधी वाळते, आतलं ओलं राहतं आणि कडा वर उचलल्या जातात. भेगा पडल्याच तर तीच माती पातळ करून भरा. एक-दोन केसासारख्या भेगा येणारच.

दुसरा थर ३ मिमी: कापडातून गाळलेली माती आणि बारीक वाळू समप्रमाणात, तूस नाही. आधीचा थर पाणी शिंपडून ओला करून घ्या, नाहीतर तो नव्या थरातलं पाणी पिऊन टाकतो आणि थर पत्र्यासारखा सुटतो.

पांढऱ्या लेपाला मुलांबरोबर चुना वापरू नका, डोळ्यांत उडाला तर वाईट. खडूची पूड सरसाच्या पाण्यात कालवून दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. सरसाचं पाणी असं: १ लिटर पाण्यात ६० ग्रॅम सरस रात्रभर भिजवा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवा. उकळू देऊ नका, चिकटपणा जातो. दोन दिवसांत वास मारतो, म्हणून लागेल तेवढंच करा. शाकाहारामुळे सरस नको असेल तर बाभळीचा डिंक चालतो, पण त्याचा थर जरा ठिसूळ होतो. रंग कालवतानाही हेच पाणी. वाळल्यावर बोट फिरवून रंग बोटाला लागला तर सरस कमी आहे. चकाकला किंवा खवले निघाले तर जास्त आहे. आधी फळीच्या तुकड्यावर करून बघा.

गेरू, पिवळी माती, काजळी बाजारात मिळते. निळ्यासाठी पुडीतली कपड्यांची नीळ चालेल, पण बाटलीतली द्रव नीळ नको. ती रंगद्रव्य नसून विरघळणारा रंग आहे, पसरते आणि उन्हात उडते. हिरवी माती मिळाली नाही तर पिवळ्या मातीत थोडी नीळ आणि काजळी. चित्र पूर्ण वाळल्यावर गुळगुळीत गोट्याने हलक्या हाताने घासा.

वार्निश अजिबात नको. अजिंठ्यात १९व्या शतकात नकला करणाऱ्यांनी रंग उजळ दिसावेत म्हणून वार्निश लावलं आणि १९२०च्या सुमारास इटालियन संवर्धकांनी निजाम सरकारसाठी काम करताना लाखेचं द्रावण वापरलं. ते पिवळं-तपकिरी पडलं आणि नंतरच्या संवर्धकांचा बराच वेळ ते काढण्यात गेला. फोटोवरून नक्कल करणारे नेमके तेच मध-रंगाचं आवरण "अजिंठ्याची छटा" म्हणून रंगवतात. पांढरा हत्ती पांढराच रंगवा.

---

चित्रकला_शिक्षिका

खूप आभार. काळी माती हाताशी होती, तीच वापरणार होते! एक शंका: रेखाटनासाठी मूळ चित्राची बाह्यरेषा कुठून घ्यावी? फोटोत अर्धा भाग गेलेला दिसतो.

---

जातककथा५४७

जुन्या नकला पाहा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात नकला करत होते. त्यांतल्या बऱ्याच लंडनमधल्या एका आगीत गेल्या, पण उरलेल्या आणि १८९६-९७ मध्ये छापलेले दोन खंड उपयोगी आहेत. आज भिंतीवरून गळून गेलेले काही भाग त्यांत शाबूत आहेत. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांचे अजिंठ्यावरचे खंडही बघा, त्यांत रेखाचित्रं आहेत. मात्र नकलाकाराने तुटलेली जागा स्वतःच्या अंदाजाने भरलेली असू शकते. हत्तीची पाठ, सोंड, पाय अशी मोठी रेषा विश्वासाची. बारीक दागिन्यांवर फार विसंबू नका.

---

फर्दापूरकर

जाण्याबद्दल थोडं. सोमवारी लेणी बंद असतात. गाड्या फर्दापूर फाट्यावरच थांबतात, पुढचे साधारण चार किलोमीटर तिथल्या बसने. रंगवलेल्या लेण्यांत एका वेळी ठरावीकच माणसं सोडतात. चाळीस मुलं असतील तर दोन गट करा. एक गट आत, दुसऱ्याने बाहेर गोष्ट वाचावी. चपला काढायच्या असतात, मोज्यांनी थंडीत बरं वाटतं. फ्लॅश बंद. टॉर्च भिंतीवर मारू नका, रखवालदार हटकतो आणि बरोबरच करतो. त्याऐवजी आत शिरून दोन मिनिटं काही न बघता उभं राहा, डोळे सरावले की वरच्या भागातल्या आकृत्या दिसू लागतात. वरच्या प्रसंगांसाठी दोन-तीन साध्या दुर्बिणी न्या.

क्रम: आधी थेट १७, तेवढ्यात बाकीची गर्दी पहिल्या-दुसऱ्या लेण्यात अडकलेली असते. मग उतरत १०, शेवटी २ आणि १. पावसाळ्यात वाघोरा नदी भरलेली छान दिसते, पण आत दमट असतं आणि पायऱ्या निसरड्या. मुलांना नेण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

---

गेरू_काजळी

फलकासाठी प्रसंग निवडताना षड्दंत घेऊ नका, आकृत्या फार आहेत आणि दोन फुटांत गुदमरतात. महिष घ्या: एक रेडा, एक माकड, एक झाड. मोठी मुलं असतील तर तळ्यातली मायलेकरं, पण पाण्याच्या लाटा शेवटी काढा. खाली आधी रंगवलेल्या असतील तर हत्तीच्या पायांची रेषा त्यावर नीट उमटत नाही.